कुत्र्याला घेऊन कुंडमच्या रानात

दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की जबलपूर-नागपूरकडच्या कुत्रं पाळणाऱ्या घरांतून एक प्रश्न हटकून येतो: कुत्र्याला घेऊन जंगलात जाता येतं का? उत्तर विचाराल त्यावर ठरतं. एक म्हणतो, "जंगलात कुत्रा म्हणजे थेट गुन्हा." दुसरा म्हणतो, "आम्ही तर दर रविवारी मोकळा सोडतो, कुणी काही बोलत नाही." तिसरा कान्ह्याच्या गेटवरून परत आलेला असतो आणि त्याचा सगळ्याच जंगलांवर राग असतो.

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, कारण तिघं वेगवेगळ्या जमिनीबद्दल बोलत असतात. रान एकसारखं दिसलं तरी त्याचे मालक आणि कायदे वेगळे असतात. म्हणून आधी जमीन ओळखा, मग दोरीचं बघू. या लेखासाठी मी जबलपूर जिल्ह्यातला कुंडम तालुका धरला आहे. शहरातून दिंडोरी रस्त्याने तासा-सव्वा तासात पोहोचता येतं, हिरण नदी इथेच उगम पावते, गोंड वस्तीची गावं आहेत आणि सागाचं-मिश्र झाडीचं जंगल रस्त्याला लागूनच आहे. सकाळी निघून दुपारी घरी जेवायला परतता येईल, अशा फेरीला ही जागा चांगली. मात्र कान्हा आणि बांधवगड यांच्यामधल्या मुलखात तुम्ही आहात, हे विसरू नका. वाघाचं जाऊ द्या, पण बिबट्या आणि अस्वल आसपास नाही असं इथे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

आधी जमीन कुणाची ते ओळखा

कुंडमच्या बाजूला तुम्हाला साधारण चार प्रकारची जमीन लागेल.

- गावरस्ता, गाडीवाट, पंचायतीची जमीन. इथे दोरीला बांधलेला कुत्रा घेऊन चालायला कुणाची हरकत नसते. माझ्या मते तुमची पहिली फेरी, आणि पुढच्याही बऱ्याच फेऱ्या, इथेच व्हायला हव्यात. दोन गावांना जोडणारी बैलगाडीची वाट, बाजूला पळस, मध्ये एखादा नाला. कुत्र्याला याहून जास्त काही लागत नाही. त्याला दृश्य नको असतं, वास हवे असतात.
- आरक्षित आणि संरक्षित वन. हद्दीवर चुन्याने रंगवलेले, आकडे घातलेले दगडी खांब दिसतील. इकडे त्यांना मुनारा म्हणतात. आरक्षित वनात मुनाऱ्याच्या पलीकडे विनापरवाना शिरणं १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली येतं. गावकरी मोह आणि तेंदूपत्त्यासाठी आत जातात ते त्यांच्या हक्काने. तो हक्क तुमचा नाही. आत जायचंच असेल तर रेंज ऑफिसला विचारा.
- वन विकास निगमाची रोपवनं. निगमाचं कुंडम परियोजना मंडळ आहे आणि सागाच्या सरळ रांगा दिसल्या तर त्या त्यांच्या असण्याची शक्यता मोठी. ही बाग नव्हे, वनजमीनच. शिवाय तोड चालू असेल तेव्हा ट्रक आणि रचलेले ओंडके, यांत कुत्र्याचं काही काम नाही.
- राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प. पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. जिप्सीतही नाही, मांडीवरही नाही. वाद घालू नका.

चौथ्या प्रकाराबद्दल एक खास सूचना. कुंडमवरून पुढे शहापुऱ्याकडे गेलात की घुघवा लागतं. तिथे वाघ-बिबटे बघायचे नसतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडं-पानं बघायची असतात. त्यामुळे अनेकांना वाटतं की इथे कुत्र्याने काय बिघडतं. पण १९८३पासून तेही राष्ट्रीय उद्यानच आहे. दोघं असाल तर एकाने बाहेर सावलीत कुत्र्याजवळ थांबावं, दुसऱ्याने आत जावं, मग अदलाबदल. गाडीत काचा लावून ठेवणं हा पर्याय नाही. हिवाळ्याच्या उन्हातही बंद गाडी बघता बघता तापते. (जाता जाता: छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलाँला निपा नावाच्या, खाजणात वाढणाऱ्या ताडाचं जीवाश्म फळ मिळालेलं आहे. म्हणजे या मुलखात एके काळी समुद्राचं पाणी फार लांब नसावं. आज मात्र कुत्र्याला लाटा दाखवायच्या तर कोकण गाठावं लागतं, त्याबद्दल पुढे.)

परवानगी कुणाला विचारायची

लेखी अर्जाची गरज दर वेळी पडत नाही, पण विचारल्याशिवाय जाऊ नका. क्रम असा ठेवा:

1. गावात शिरताच कोटवार किंवा सरपंचाला भेटा. "दादा, कुत्रा घेऊन नाल्यापर्यंत फिरून येतो, चालेल ना?" एवढं हिंदीत विचारलं तरी पुरतं. कुठल्या बाजूला अस्वल दिसलं, कुणाच्या शेताला तारा लावल्यात, हे त्याला माहीत असतं आणि तुम्हाला कुठल्याही नकाशावर मिळणार नाही.
2. वाट जंगलाच्या हद्दीला लागत असेल तर बीट गार्डला विचारा. गावात त्याला नाकेदार म्हणतात.
3. मुनाऱ्याच्या आत जायचं असेल तर रेंज ऑफिसात जाऊन परवानगी घ्या आणि ती लेखी मागा. तोंडी "जाओ जाओ" दुसऱ्या गार्डला दाखवता येत नाही.

कुणी नाही म्हटलं तर मागे फिरा. गावकऱ्याचं "नाही" बहुतेक वेळा कायद्यामुळे नसतं, शेळ्या व्यायल्यात म्हणून असतं.

दोरी सुटली की काय होतं

गाडीतून उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत दोरी हातात. अर्ध्या तासाने नाही, "कुणीच नाहीये" म्हणून नाही, नाल्यात खेळायला म्हणून नाही. हे तुम्हाला कडक वाटेल. पण या रानात जेवढे धोके आहेत, त्यांतले बहुतेक दोरी सुटल्यावरच सुरू होतात.

*कायदा.* १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही तिच्यात येतं, आणि ही तरतूद अभयारण्याबाहेरही लागू आहे. तुमच्या कुत्र्याने सशामागे किंवा मोरामागे धाव घेतली आणि तुम्ही हसत मोबाइलवर चित्रण केलंत, तर ते चित्रण तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरू शकतं.

*अस्वल.* हा धोका लोकांना सर्वांत कमी माहीत असतो. मोकळा कुत्रा पुढे धावतो, झुडपातलं अस्वल त्याला दिसतं, तो भुंकतो, अस्वल अंगावर येतं. मग कुत्रा काय करतो? पळतो. कुणीकडे? तुमच्याकडे. अस्वल त्याच्या मागोमाग. दोरीला असलेला कुत्रा आधी कान टवकारतो, थबकतो, नाकाने हवा चाचपतो. तेवढ्यात तुम्हाला मागे फिरायला वेळ मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो तेव्हा पहाटे झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाया असतात आणि त्याच फुलांवर टपलेली अस्वलंही. त्या दिवसांत सकाळी लवकर त्या बाजूला कुत्रा नेऊच नका.

*बिबट्या.* कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे, ही नुसती गावगप्प नव्हे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला, सुमारे ३९ टक्के. तिथे उसाची शेतं होती, इथे जंगल आहे, बिबट्या तोच. दिवस मावळायच्या दोन तास आधी गाडीपाशी परत या. तंबू ठोकून कुत्र्यासह रात्र काढायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

*तारा आणि फासे.* रानडुकरांपासून पीक राखायला काही जण शेताभोवती चोरून वीजतार सोडतात. जमिनीपासून वीतभर उंचीवर, गवतात न दिसणारी. शिकारीचे तारेचे फासे असतात, आणि डुकरांसाठी पिठात गुंडाळून ठेवलेले स्फोटक गोळे असतात, जे कुत्रा खाऊ म्हणून तोंडात धरतो. यावर एकच उपाय: वाट सोडायची नाही आणि जमिनीवरचं काही खाऊ द्यायचं नाही. कुत्रा तारेला चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी गावातून कुणाला तरी वीज बंद करायला लावा. मालकाचाच जीव जाण्याची ही जागा आहे.

दोरी कोणती? दीड-दोन मीटरची, साधी, जाड नायलॉनची. बटण दाबून लांबणारी दोरी शहराच्या बागेत ठीक. झुडपात ती अडकते आणि झटका बसला की तिचा प्लास्टिकचा दांडा हातातून निसटतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा, म्हणजे घसरणीवर कुत्र्याला उचलून धरता येतं. गळ्यात मात्र पट्टा ठेवाच, त्यावर तुमचा मोबाइल क्रमांक कोरून घ्या.

निघण्यापूर्वी डॉक्टर

निदान पंधरा दिवस आधी कुत्र्याला तपासून घ्या. जबलपूरकरांना या बाबतीत तोटा नाही; इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८चं आहे आणि आता ते नानाजी देशमुखांच्या नावाच्या पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. डॉक्टरांना "फिरायला नेतोय" असं सांगू नका, "जंगलाच्या कडेला, गावातल्या कुत्र्यांमध्ये, ओढ्याच्या पाण्यात" असं सांगा. त्यावर सल्ला बदलतो.

- रेबीज. वर्षाची लस चुकलेली असेल तर फेरी पुढे ढकला. दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- डिस्टेंपर, पार्व्हो यांची एकत्रित लस. ही फक्त तुमच्या कुत्र्यासाठी नाही. २०१८ साली गीरच्या दलखाणिया भागात तीन आठवड्यांत २३ सिंह मेले, त्यामागे डिस्टेंपरचा विषाणू होता. हा रोग कुत्र्यांमध्ये घर करून राहतो. लस न दिलेलं शहरी कुत्रं जंगलाच्या तोंडाशी नेणं याचा अर्थ इतका सरळ आहे.
- लेप्टोस्पायरोसिस. साचलेल्या पाण्यातून होतो. एकत्रित लसीत तो आहे का, विचारून घ्या. प्रत्येक लसीत नसतो.
- गोचिडाची गोळी. महिन्याची असो की तीन महिन्यांची, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी द्या. नुसत्या पावडरीवर विसंबू नका.

कोणाला नेऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. वर्षाच्या आतलं पिल्लू लांब चालीला नको, हाडं अजून भरायची असतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जाती नकोत. त्यांचा श्वास चढावर पुरत नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळणाऱ्यांना काय सांगावं? त्यांनी त्यांना पंख्याखाली ठेवावं. माजावर आलेली कुत्री तर अजिबात नको, गावातले सगळे कुत्रे गाडीपर्यंत सोबत येतील आणि वाटेत मारामाऱ्या होतील. रस्त्यावरून आणून वाढवलेली आपली देशी कुत्री या कामाला उत्तम. ऊन झेलतात आणि पाय घट्ट असतात.

ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. मार्चपासून ऊन वाढतं, मे महिन्यात लू चालते, तेव्हा घरच्या गच्चीवरही कुत्र्याला दुपारी नेऊ नये. पावसाळ्यात नाले अचानक भरतात आणि घोणस वाटेवर येते.

जमीन तापली आहे का ते बघायला तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे पायही टेकू नयेत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जोरजोरात धापा, जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय अडखळणं, ही उष्माघाताची खूण. लगेच सावलीत न्या, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी प्यायला द्या आणि तसंच भिजवत डॉक्टरांकडे न्या. बर्फ चोळू नका, ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. त्याने उष्णता आतच अडकते.

पाणी तुमचं न्या. वीस किलोच्या कुत्र्याला अर्ध्या दिवसाच्या चालीसाठी दोन लिटर तरी हवं.

कुसळ: लहान वाटणारी मोठी भानगड

पावसानंतर उतारांवर कुसळी गवत पिकतं. तुमच्या पँटला चिकटतं, तुम्ही झटकता आणि विसरता. कुत्र्याच्या बाबतीत तसं होत नाही. एक कुसळ बोटांत धरून बघा: पुढे सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि टोक पुढे पुढे सरकतं. केसांमुळे मागे येत नाही. जमिनीत बी रुजावं म्हणून गवताने केलेली ही सोय कुत्र्याच्या कानात, पापणीखाली, बोटांच्या बेचक्यात तशीच चालते.

म्हणून:

- लांब केसांच्या कुत्र्याचे बोटांमधले आणि कानाजवळचे केस निघण्यापूर्वी कातरून घ्या.
- दर तासाला थांबून पंजे उघडून बघा. बेचक्यात दिसलेलं कुसळ चिमट्याने, ज्या दिशेने शिरलं त्याच्या उलट, सरळ ओढा.
- कुत्रा अचानक डोकं झटकू लागला, एका बाजूला मान कलती ठेवू लागला, की कुसळ कानात गेलंय असं समजा. कानात काडी, तेल, कापूस काही घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर.
- डोळ्यात गेलं असेल तर पंजाने डोळा चोळू देऊ नका आणि तिथून थेट परत फिरा.
- आठवड्याभराने बोटांमध्ये फोड आला, फुटला, पुन्हा आला, तर ते गळू नाही, आत राहिलेलं कुसळ असू शकतं. डॉक्टरांना जंगलात गेला होतात हे सांगा, नाहीतर महिनाभर मलमच लावत बसाल.

गावात शिरताना

गावातले कुत्रे तुमच्यावर भुंकणारच. ते त्यांचं काम करत असतात. काही जण शेळ्या राखतात, काही जण खळं. पळू नका, आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर घेऊ नका, त्याने ते तुमच्यावर उडी मारतात. कुत्र्याला पायाजवळ आखूड धरा, डोळ्याला डोळा न देता सरळ चालत राहा, हद्द संपली की ते आपोआप थांबतात. गावात शिरण्याआधी एखाद्याला हाक मारून पुढे घातलंत तर सर्वांत बरं.

शेळ्या-कोंबड्या दिसल्या की थांबा, त्यांना जाऊ द्या. तुमच्या कुत्र्याने कोंबडी मारली तर "किती झाले?" विचारून तिथल्या तिथे पैसे द्या. कोंबडी देशी असते, जबलपूरच्या दुकानातला भाव सांगत बसू नका.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. हिरणचं उगमकुंड पूजेचं स्थान आहे, तिथे कुत्रा उतरवू नका. आणि नाल्याच्या वाळूत हाताने खणलेले छोटे खड्डे दिसतील, स्वच्छ पाण्याने भरलेले. त्यांना झिरिया म्हणतात, त्यातून लोक पिण्याचं पाणी भरतात. कुत्र्याने त्यात तोंड घातलं तर तुमच्यावर गाव चिडेल आणि बरोबरच चिडेल. विष्ठा पिशवीत उचला. "जंगलच आहे, खत होईल" हे खत डिस्टेंपर आणि जंत घेऊन येतं.

शहराच्या जवळ राहून फिरणाऱ्यांनी परियट नदी आणि खंदारी जलाशय यांच्या काठी कुत्र्याला पाण्यात सोडू नये. तिथे मगरी आहेत. पाण्यात चेंडू फेकून आणायला लावणारे लोक मी तिथेच पाहिले आहेत.

पिशवीत काय असावं, काय नसावं

टोकदार चिमटा, सलाइनची बाटली, पोव्हिडोन-आयोडीन, जाळीच्या पट्ट्या, चिकटपट्टी, जुनी ओढणी. ओढणी दोन कामांना: जखमी कुत्र्याचं तोंड सैलसर बांधायला, कारण दुखत असताना जिवाभावाचं कुत्रंही चावतं, आणि दोघांनी धरून त्याला झोळीत उचलायला. (ओकारी होत असेल किंवा धापा टाकत असेल तर तोंड बांधू नका.)

तुमच्या खाऊच्या डब्यातली मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्यापासून लांब ठेवा. मनुक्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि तुमच्या पाकिटातली डोकेदुखीची गोळी, आयबुप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, त्याला कधीही देऊ नका. "अर्धीच दिली" हे डॉक्टरांना वारंवार ऐकावं लागतं.

काही झालंच तर

*साप चावला.* चावलेली जागा कापू नका, बांधू नका, चोखू नका, मिरची खाऊ घालू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत न्या. वाटेतून डॉक्टरांना फोन करून सर्पविषरोधक औषध आहे का ते विचारा. नसेल तर दुसरीकडे वळायला वेळ वाचतो. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असतं.

*कुत्रा कुत्र्याला चावला.* जखम साबण-पाण्याने धुवा, घरी येऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आधी लस झालेली असली तरी रेबीजचा डोस पुन्हा द्यावा लागतो.

*माणसाला चावला,* तुम्हाला किंवा गावातल्या कुणाला: जखम वाहत्या पाण्यात साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तेल नको. मग जवळच्या आरोग्य केंद्रात. चावा तुमच्या कुत्र्याचा असेल तर त्या माणसाला तुमच्या गाडीने तुम्हीच न्या, लसीचा दाखला दाखवा आणि पुढचे डोस पूर्ण होतात का ते फोन करून विचारत राहा.

गावातच अडकलात तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा गाडीची सोय आहे. मोबाइलची रेंज मात्र नाल्यात उतरलं की जाते. म्हणून निघण्यापूर्वी घरी कुणाला तरी गावाचं नाव आणि परतीची वेळ सांगून ठेवा.

तुमचे हक्क, तुमची जबाबदारी

कुत्रा दोरीला असेल आणि तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर असाल तर त्याला दगड मारण्याचा, विष घालण्याचा हक्क कुणालाही नाही. प्राण्याला क्रूरपणे वागवणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मारून टाकणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फोटो काढा, पशुवैद्यकाचा अहवाल घ्या, त्या हद्दीच्या ठाण्यात तक्रार द्या.

याच संहितेचं कलम २९१ तुमच्याकडे बघतं: प्राणी सांभाळण्यात हयगय केली आणि माणसाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "तो काही करत नाही हो" हे वाक्य कोर्टात चालत नाही.

गाडी नसेल आणि नागपूर-पुण्याहून रेल्वेने येणार असाल तर लक्षात ठेवा: कुत्र्याला सोबत ठेवता येतं ते फक्त फर्स्ट क्लास एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर. कूपे मिळेलच याची खात्री तिकीट काढताना नसते, चार्ट लागताना कळतं. थ्री-टायर एसी, स्लीपर, चेअरकार यांत नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीचा. उन्हाळ्यात आणि घाबरट कुत्र्यासाठी मी तो सुचवणार नाही.

कोकणात न्यायचं असेल तर

नाताळ किंवा मेच्या सुट्टीत कुत्र्यासह कोकणात उतरणाऱ्यांची संख्या वाढते आहे. तिथेही जमिनीचा हिशेब तसाच: मुरुडजवळचं फणसाड अभयारण्य आहे, कुत्रा नको. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मेदरम्यान ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि ती उकरण्यात कुत्रे पटाईत असतात. तिथे रात्री-पहाटे कुत्रा नेऊ नका आणि दिवसाही भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत सोडू नका. कुत्रा खारं पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाब करतो, म्हणून गोडं पाणी दर अर्ध्या तासाला पुढे करा. फिरून आलात की अंग गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः पंजे. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे, फुग्यासारखे प्राणी वाहून येतात. मेलेले दिसले तरी त्यांच्या तंतूंचा डंख होतो. कुत्र्याने हुंगण्याआधी दोरी ओढा.

परत आल्यावर

अंगावरून उलटा हात फिरवून गोचिडी शोधा: कानाच्या आत, मानेखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांमध्ये. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीपेटी, मीठ हे उपाय नकोत.

पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, जेवणावरून उडालेलं मन, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसलं तर गोचीडतापाची शंका घ्या आणि रक्ततपासणी मागा. डॉक्टरांना तारीख आणि गावाचं नाव सांगा. लवकर सापडला तर औषधाने बरा होतो.